उतारशाळेचा मालक

बावीस वर्षं मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळच्या नाटकात उतारशाळेचा, म्हणजे सराईचा, मालक झालो. तो प्रवेश लिहिलाही मीच. योसेफ दार वाजवतो, मी मरियेच्या पोटाकडं बघून तोंड वाकडं करतो आणि ओरडतो, ‘‘जागा नाही! चला, पुढं व्हा!’’ पोरं हसायची, बायका चुकचुकायच्या. शाळामास्तराचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जायचा. नाटक संपलं की लोक हात दाबून म्हणत, ‘‘सर, काय राग आला तुमचा!’’ ते मला आवडायचं. हे आज लिहिताना स्वतःची शिसारी येते.

गेल्या डिसेंबरात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती महाबळेश्वरला असते, स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर पॅकिंगचं काम बघते. आमचं बोलणं वर्षाकाठी दोनदा, तेही तब्येतीपुरतं.

‘‘दादा, पोरीचं लग्न ठरलंय. जानेवारीत. तिला मिरजेच्या आपल्याच चर्चमध्ये करायचंय आणि माझ्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायचंय. माझं नाव अजून शिस्तीखालीच आहे ना?’’

‘‘आहे.’’

आमच्यात कुणाच्या हातून पाप झालं की वडीलमंडळ, म्हणजे मंडळीनं निवडलेले आम्ही कारभारी वडील, ठराव करून त्याचं नाव शिस्तीखाली घालतं. मग प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्याच्यासमोरून पुढं जातो. नाव काढायचं तर त्या माणसानं भर उपासनेत उभं राहून कबुली द्यायची. बहिणीनं ती कधी दिली नाही.

‘‘मी उभी राहणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तू घातलंस, तू काढ.’’

मी म्हटलं, ‘‘बघतो.’’ आयुष्यभर मी हेच म्हणत आलोय.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, मिरजेत एका वडिलांच्या घरी शास्त्राभ्यास होता. चहा, करंज्या आणि दहाबारा माणसं, बहुतेक आम्ही जुने वडीलच. मंडळीच्या पाळकसाहेबांनी येशूच्या जन्माची कथा आधी लूकच्या शुभवर्तमानातून वाचली, मग मत्तयाच्या. म्हणाले, दोन्ही नीट वाचा, त्या एकमेकींत बसत नाहीत. लूक गव्हाण सांगतो, मेंढपाळ सांगतो. मत्तयाकडं गव्हाणच नाही, पूर्वेकडचे ज्ञानी, मागी लोक, सरळ घरात येतात. एक मरियेच्या बाजूनं सांगतो, दुसरा योसेफाच्या. कुणी दोन्ही जोडून एकच कथा करतात, कुणी म्हणतात दोन्ही वेगळ्याच राहू द्या. आणि आपण ज्याला उतारशाळा म्हणतो, तो मूळ शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीलाही लागतो, असं काही पंडितांचं मत आहे.

कोपऱ्यात एक म्हातारे बसले होते. जतकडचे. मिरजेच्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून जन्म गेला त्यांचा. ते म्हणाले, ‘‘पाळकसायेब, मग त्यो मालक कुटं लिवलाय?’’

‘‘मालकाचा उल्लेख नाही शास्त्रात.’’

‘‘मंजी सरांनी घातला व्हय!’’

सगळे हसले. मीही हसलो.

‘‘आवं, आमच्या गावाकडं घर मंजी एकच खण,’’ म्हातारे पुढं सांगायला लागले. ‘‘वरल्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला म्हसरं. पावणं आलं की वरलं भरतंय. मग बाळंतीण खाली, म्हसरांच्या उबंला. गव्हाणीत वैरण आसती, पोर तितंच ठिवायचं. हाकललं न्हाई तिला कुणी. योसेफाचंच गाव की ते! सोयऱ्यांनी घर भरल्यालं आस्तानाबी आत घेतलं आसंल.’’

‘‘तुमच्या जतचं शास्त्र वेगळं दिसतंय,’’ मी म्हणालो. आवाज चढला होता. ‘‘इतकी वर्षं सगळी मंडळी चुकीचं ऐकत आली काय?’’

‘‘रागवू नगा, सर. मला आपलं वाटलं त्ये बोललो.’’

राग कशाचा आला, ते मला त्याच क्षणी कळलं. परक्या सराईवाल्यानं बाईला दारातून परत पाठवलं, तर ते पाप हलकं. ती त्याची कोण? पण ते घर नात्यातलं असेल, गच्च भरलेलं असेल आणि तरीही त्यांनी तिला आत घेतलं असेल, तर मग माझं काय?

तेवीस वर्षांपूर्वी, नाताळच्या आदल्या आठवड्यात, बहीण माझ्या सांगलीच्या घरी आली होती. नर्सिंगला होती. पाचवा महिना, लग्न नाही. घरात साताऱ्याहून माझे सासू-सासरे आणि मेहुणे आलेले. दोन खोल्या.

‘‘जागा नाही गं,’’ मी म्हटलं.

‘‘स्वयंपाकघरात पडेन की, दादा.’’

‘‘पाहुणे काय म्हणतील?’’

आतून करंज्या तळायचा वास येत होता. तिनं पाणी मागितलं. तेही मी दारातच दिलं, आणि ती प्यायची तेवढा वेळ रस्त्यावर कुणी ओळखीचं आहे का ते बघत होतो. मग तिला स्टँडवर नेऊन महाबळेश्वरच्या गाडीत बसवलं. तिथं तिच्या मैत्रिणीचं घर होतं. तिच्या अंगात साधा स्वेटरही नव्हता, आणि माझ्या अंगात होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान भित्रा म्हणता आलं असतं. वडीलमंडळाच्या पुढच्या बैठकीत तिचं नाव शिस्तीखाली घालायचा ठराव मीच मांडला. दुसऱ्या कुणी मांडायच्या आत. सख्खा भाऊ मांडतोय म्हणून माझी वाहवा झाली, सगळे हात वर गेले. त्याच रविवारी मी उपदेशाला उभा राहिलो आणि मत्तयाचा योसेफ घेतला. तो न्यायी होता, लग्नाआधीच गरोदर असलेल्या मरियेची बदनामी न करता गुपचूप तिला सोडायचं त्यानं ठरवलं, हे मी रंगवून सांगितलं. आणि तिथंच पुस्तक मिटलं. पुढचं देवदूताचं स्वप्न वाचलंच नाही. त्या स्वप्नानंतर तो तिला घरी आणतो, ते नकोच होतं मला. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी उपदेशानंतर कुमारीच्या गर्भाचं गीत उभं राहून म्हटलं. एकाचाही आवाज खाली आला नाही. माझा तर सगळ्यात मोठा आवाज. पुढच्या वर्षी मी नाटक लिहिलं आणि त्यात तो मालक घातला.

शास्त्राभ्यासाच्या त्या दुपारी मी हे सगळं बोललो. थांबत थांबत, पण बोललो. सगळ्यांच्या माना बशीत. एकानं करंजी मोडून तोंडात टाकली आणि चावायचा आवाज होऊ नये म्हणून तशीच गालात धरली. आम्ही सगळे तसेच होतो.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘‘सर, हे घरातलं आहे. आपण नंतर निवांत बोलू. चहा निवतोय.’’

‘‘निवू द्या की,’’ म्हातारे म्हणाले. ‘‘त्यास्नी बोलू द्या.’’

‘‘माझ्या बहिणीचं नाव काढा,’’ मी म्हटलं.

‘‘नियम आहे,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘त्यांना उभं राहावं लागेल.’’

‘‘मी राहतो.’’

पुढच्या रविवारी राहिलो. हेच सगळं माइकवर सांगितलं. नंतर तिचं नाव काढायला वडिलांचे हात वर गेले, तेवीस वर्षांपूर्वी गेले होते तितक्याच झटकन. बाहेर आल्यावर दोघातिघांनी पाठ थोपटली. ‘‘सर, मोठं मन लागतं याला.’’ ते हात मला झटकून टाकावेसे वाटले. झटकले नाहीत.

संध्याकाळी फोन केला. ‘‘नाव निघालं तुझं.’’

ती म्हणाली, ‘‘बरं झालं. पोरीला सांगते. आणि तुझं घातलं का?’’

‘‘माझं? नाही. तसं कुणी मांडलं नाही.’’

‘‘मग मी मांडते,’’ ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी ती पहिल्या बाकावर लेकीशेजारी बसली होती. दोघींनी भाकर घेतली. मी मान खाली घातली नाही, बघत राहिलो. ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते न घेता पुढं केलं. शेजारचे वडील कानाशी आले.

‘‘काय हो सर, पोट बरं नाही का?’’

‘‘पोट बरं आहे. माझं नाव शिस्तीखाली आहे.’’

‘‘आँ? कुणी घातलं?’’

‘‘बहिणीनं.’’