भात्यावरचा हात

पेटी माझ्या घरी आली तेव्हाच मला संशय आला होता. नलूकाकूंचा मुलगा प्रमोद सकाळी ड्यूटीवर जाता जाता ती स्कूटरवर पायापाशी ठेवून, जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, "आईनं सांगितलं, घर रंगवायचं आहे. थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्या." ही आमच्या भजनी मंडळाची हार्मोनियम. काकूंच्या पुढच्या खोलीतल्या कपाटावरून ती एरवी फक्त गुरुवारी खाली उतरायची, तीही त्याच खोलीतल्या सतरंजीवर. संध्याकाळी कामावरून परतताना मी मुद्दाम त्यांच्या क्वार्टरवरून स्कूटी नेली. रंगाचा डबा नाही, शिडी नाही, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा जागचं हललेलं नाही. काकू पलंगावर टेकून लसूण सोलत बसल्या होत्या. "रंगारी कधी येणार?" मी विचारलं. "येईन ना वो, त्याले टाइम भेटन तवा," म्हणाल्या आणि लसणाची अर्धी ताटली माझ्याकडे सरकवली. बोलायचं नसलं की त्या समोरच्याला काम द्यायच्या. मी लसूण सोलला, चहा घेतला आणि निघाले. पुढच्याच आठवड्यात रसमड्याला कारखान्यात ट्रकमधून माल उतरवून घेत असताना प्रमोदचा फोन आला. "संध्याताई, आई गेली..." झोपेतच गेल्या होत्या. मी ट्रकवाल्याला थांबायला सांगितलं, बाकावर बसले, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की रंगकाम खोटं होतं.

मी संशयी आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. माझं कामच तसं आहे. एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचायचं, आणि मग पोतं उघडून आत हात घालून पाहायचं. माणसांच्या बाबतीतही मी तेच करते. त्यामुळे आम्ही भिलाईच्या सेक्टरमध्ये राहायला आलो आणि दोन लाइन पलीकडे राहणाऱ्या एक बाई वाटीभर जवसाची चटणी घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा चटणी घेता घेताच मी ओळखलं की यांना काहीतरी हवं आहे. "पेटी वाजवता म्हणे तुमी?" त्यांनी विचारलं. कोणी सांगितलं, मी म्हटलं. "आयकलं." कुठे ऐकलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांचे यजमान भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या या बाईने सेक्टरमधल्या बायका जमवून मंडळ चालवलं होतं आणि त्यांची पेटीवाली नुकतीच पुण्याला मुलाकडे निघून गेली होती. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

पेटी मला येत होती. दुर्गला बोरसीत आमचं घर, तिथे लहानपणी आम्ही दोघी बहिणी एकाच मास्तरांकडे शिकलो. मंदाताईचा आवाज बारीक, गोड. माझा जाड. आमच्या घरी त्यावर कधी भांडण झालं नाही की रडारड झाली नाही; पाहुणे आले की आई सांगायची, मंदा गाईल, संध्या वाजवेल, आणि तसंच व्हायचं. मला ते सोयीचं होतं. मंडळातही मी तेच ठरवून गेले. काकू अभंग सांगायच्या, म्हणजे ओळ आधी त्या म्हणायच्या, आम्ही मागून म्हणायचो, आणि मी पेटीचे सगळे सूर उघडून असा दणदणीत भाता मारायचे की माझ्या तोंडून काय निघतं ते मलाही ऐकू येऊ नये. काकूंना मात्र ऐकू जायचं. एकदा सतरंजी घडी करताना म्हणाल्या, "तुह्या आवाजाले वजन हाये वो. गात जा मोकळं." मी सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला माझ्याकडून काय हवं आहे?" त्या हसल्या. "मले काय पाह्यजे? मले सतरंजीचं तिकडचं टोक पाह्यजे. धर."

आणि मग पावर हाउस भागातल्या बाजारात एका ऑटोने धक्का दिला, स्कूटी आडवी झाली आणि माझं डावं मनगट मोडलं. पेटी उजव्या हाताने वाजते आणि डाव्या हाताने भाता मारावा लागतो, त्याशिवाय तिच्यात हवा जात नाही. म्हणजे मला मंडळातून दीड-दोन महिने सुट्टी, असं मी धरून चालले होते. काकू बघायला आल्या, प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उजवा शाबूत हाये ना? मंग झालं." भाता कोण मारणार, मी म्हटलं. "मी आहो ना."

तेव्हापासून आमची बैठक बदलली. मी पेटीच्या अलीकडे, काकू पलीकडे, भात्यावर त्यांचा हात, तोंड माझ्याकडे. ढोलकीवर बसणाऱ्या शकूवहिनींची जीभ ढोलकीपेक्षा जोरात चालते. त्या म्हणाल्या, "एका गाडीले दोन ड्रायव्हर! आता हे गाडी कुठं ठोकते ते पाहू." काकू म्हणाल्या, "तू मागं बस अन् हॉर्न वाजव." पहिले दोन-तीन गुरुवार ठीक गेले. एक गोष्ट मला लगेच जाणवली. आजवर माझा श्वास भात्याच्या मागे धावत असे. हात आत गेला की मी श्वास घ्यायचे, बाहेर आला की सोडायचे, आणि ओळ मध्येच तुटायची. आता डावा हात मांडीवर रिकामा पडला होता. बोटांना पट्ट्यांवर काम होतं, त्यामुळे लोकांकडे बघायची गरज नव्हती, आणि श्वास माझा मला मिळाला होता. गळा थोडा सैल झाला. अजून मी पेटीच्या आडच होते, पण आड बसून का होईना, पूर्ण ओळ म्हणू लागले.

मग पेटी दगा देऊ लागली. अंतऱ्यात वरच्या सुराला पोचलं की हवा कमी पडायची. सूर विझत यायचा आणि माझा जाड आवाज तेवढा खोलीत उघडा उरायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी गायचीच थांबले. काकूंनी भुवया वर केल्या, म्हणजे पुढे चल, आणि पुन्हा हवा आली. "काय झालं?" मी नंतर विचारलं. "जुनी हाये पेटी. चालते." पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, त्याच ठिकाणी. मला वाटलं भाता फाटला असणार. मी काकूंना न विचारता प्रमोदकडून पेटी कपाटावरून उतरवून घेतली, ऑटोत घातली आणि पावर हाउसला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेली. त्याने भाता उघडला, कातड्यावरून बोट फिरवलं, कान लावला. "कुछु नइ होय हे दीदी, भाता बने हे." काही झालेलं नाही, भाता चांगला आहे. मी म्हटलं, तरी कातडं बदला. तो माझ्याकडे बघत राहिला, पण त्याने बदललं. नव्या कातड्याचा कडक भाता घेऊन मी परत आले... आणि गुरुवारी वरच्या सुराला हवा गेली.

आता संशयाला एकच जागा उरली होती. समोर बसलेली. पुढचे काही गुरुवार मी पट्ट्यांकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत वाजवलं. हात हळूच मंद व्हायचा, जणू झोप येते आहे. पण डोळे माझ्यावर असायचे, टक्क उघडे. आणि मी गात होते, कारण आता थांबले तर ते माझ्या लक्षात आलं आहे हे त्यांना कळलं असतं. मला ते कळू द्यायचं नव्हतं. हट्टाने का होईना, वरचा सूर मी पेटीशिवाय धरू लागले. धरता येतो, हेही तेव्हाच कळलं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी हात मोकळा केला, तरी काकू जागच्या हलेनात. "डाक्टरले काय समजते? मनगट हाये ते, लाकूड नाई. राहू दे अजून." मी राहू दिलं. शेवटी एकदा त्यांना एकटं गाठून विचारलंच, "काकू, तुम्ही मुद्दाम करता का?"

"काय मुद्दाम?"

"हवा सोडता."

"मी कावून करू वो तसं? माह्यं काय अडलं?"

"ते तुम्ही सांगा."

"तू ना, देवानं परसाद देल्ला तरी उलटा करून पाह्यशीन," म्हणाल्या आणि निवडायला मेथीची जुडी माझ्यापुढे टाकली.

त्या वर्षी सेक्टरच्या हॉलमध्ये सगळ्या मंडळांचं एकत्र भजन होतं, रविवारी दुपारी. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी मंडळी आपापल्या सतरंज्या घेऊन बसली होती. आमची पाळी आली. काकूंनी अभंग उचलला, पहिली ओळ म्हटली आणि त्यांना खोकला आला. साधा नाही, थांबेचना. पदर तोंडाला लावून, भात्यावरचा हात न काढता त्यांनी डोळ्यांनी मला खूण केली. मी पुढची ओळ घेतली. अंतऱ्याला पेटी विझत गेली, मला ते अपेक्षितच होतं, आणि मी माझ्या त्या जाड आवाजात वर गेले, तिथे थांबले आणि सावकाश खाली आले. कुणी हसलं नाही. एक बंगाली बाई मांडीवर ठेका धरत होती, तिचा हात चालूच राहिला, तेवढं मला दिसलं. पूर्ण अभंग मी सांगितला. बाहेर आल्यावर मी काकूंना म्हटलं, "खोकला होता की नाटक?" त्या घाम पुसत म्हणाल्या, "दोन्ही." हा एकच कबुलीजबाब मी त्यांच्याकडून काढू शकले, आणि तोही अर्धा.

त्यानंतर सांगायचं मी आणि भाता मारायचा त्यांनी, असंच चालू राहिलं. मंडळाचा सगळा कारभार माझ्या गळ्यात घालायचा हा बेत आहे, हे मी ओळखून होते. गुरुवारी कोण येणार, कोणाकडे वाद झाला आहे, प्रसादाला काय, सगळं हळूहळू माझ्याकडे सरकत होतं. मी कुरकुर करत घेत होते. माझी अशी समजूत पक्की झाली होती की एका धूर्त बाईने एका संशयी बाईला व्यवस्थित गुंडाळलं. खरं सांगायचं तर मला त्या समजुतीचा आधार होता. कोणीतरी इतक्या चिकाटीने आपल्यासाठी डाव रचला, म्हणजे त्या आवाजात काहीतरी असणार.

तेरवीच्या आदल्या दिवशी प्रमोदकडे भांडी पोचवायला गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, आईचं हृदय कमजोर होतं, बऱ्याच वर्षांपासून. हाताला जोर द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं डॉक्टरनं. ऐकायची नाही. तुम्ही सगळ्या गेल्या की गुरुवारी हात शेकत बसायची. मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही."

मी भांडी ठेवली आणि घरी आले. म्हणजे हात मंद व्हायचा तो दुखायचा म्हणून? वरच्या सुराला भाता जोरात लागतो, तिथेच जोर संपत असेल. खोकला खरा, थकवा खरा, "जुनी हाये" म्हणायच्या तेही कदाचित पेटीबद्दल नसेल. मग डाव कुठे होता? कोणीही माझ्या आवाजावर पैज लावली नव्हती. एक आजारी बाई दमत होती आणि मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला होता. दोन दिवस हे माझ्या डोक्यातून जाईना. स्टोअरमध्ये माल तपासताना मी दोनदा चुकले, आणि मी चुकत नाही.

मग माझ्या पद्धतीने विचार केला, पोतं उघडून. शकूवहिनी एक गवळण म्हणतात, त्यांची ठरलेली, आणि ती आमच्या सगळ्या भजनांत सर्वांत वरच्या सुरात जाते. तेव्हाही वाजवायचे मीच आणि भाता मारायच्या काकूच. त्या गवळणीला हवा कधी कमी पडली? मी शकूवहिनींना फोन करून विचारलं. "माह्या गाण्यात? कधीच नाई. पेटी तर अशी भरून राहायची का मले बोंबलावं लागे." मग मी त्यांना सगळं सांगितलं. "तू मेलेल्या माणसावरबी शक करते," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. शकूवहिनींच्या गाण्याला दुखरा हात पुरत होता आणि माझ्या गाण्याला पुरत नव्हता. काकू दमत होत्या हे खरं आहे. पण कुठे दमायचं, ते त्यांनी ठरवलं होतं.

आता गुरुवार माझ्याकडे असतो. पेटी आमच्या फ्रिजशेजारच्या स्टुलावर आहे, त्याच चादरीत. तेरवीनंतरच्या पहिल्या गुरुवारी पलीकडे बसायला कोणी नव्हतं. मनगट केव्हाच धड झालं आहे, तेव्हा भाता माझा मीच मारायचा हे उघड होतं. मारला. अभंग सांगितला. अंतरा आला, वर गेले, आणि माझ्या लक्षात आलं की पेटीचा आवाज विझत चालला आहे. खाली पाहिलं. माझा डावा हात भात्यावर नुसता टेकला होता.

"काय झालं वो? पेटी बिघडली का?" शकूवहिनींनी ढोलकी थांबवून विचारलं.

"जुनी आहे," मी म्हटलं. "चालते."

त्या माझ्याकडे बारीक डोळे करून बघत राहिल्या. मी पुढची ओळ घेतली.