राखणदार गावात नसताना

गोव्यातल्या पार्से गावच्या विनोदिनीची पिठाची गिरण चालू झाली की आंब्यावरचे कावळेसुद्धा ओरडून बोलत. विनोदिनी तर जन्मालाच मोठा आवाज घेऊन आलेली. नवरा सगुण तुयेच्या कारखान्यात पाळीला जायचा, गिरण ती बघायची आणि पट्टा फिरत असताना, भुवयांत पीठ घेऊन, मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची. लिहायची म्हणजे आधी ओरडायची. दळण घेऊन आलेली पोरं उलट्या डब्यांवर बसत, विनोदिनी प्रकरण सांगे, आणि जे वाक्य गिरणीच्या घरघरीवर चढेल तेवढंच कागदावर उतरे. "बारीक वाक्यां माका नाकाच," ती म्हणे. "बारीक फकत पीठ."

पणजीच्या एका साप्ताहिकात तिची कादंबरी हप्त्याहप्त्याने येई. साल सत्त्याऐंशी. गोवा घटकराज्य होणार होणार म्हणून बाजार तापलेला, मराठी की कोकणी यावरून भावाभावांत अबोला. विनोदिनी गोष्ट सांगायची मराठीत आणि तिची माणसं बोलायची कोकणीत, त्यामुळे दोन्हीकडची मोठी मंडळी तिच्यावर सारखीच रुसलेली. पोरांना त्याचं काही नव्हतं. पोरांना काळजी पिंपांची.

पिंपांचं असं झालं होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तेरेखोलच्या किल्ल्यात एक पोर्तुगीज कप्तान येतो आणि सावंतवाडीकरांची गलबतं हलू नयेत म्हणून समुद्रावरचं सगळं वारं पकडून दारूच्या पिंपांत कोंडतो. शिडं लोंबतात, माड मुके होतात, बायकांचं भात वारवायचं राहतं. पार्सेची दोन मुलं, आनंदी आणि कृष्णनाथ, वारं सोडवायला निघतात आणि पकडली जातात. तळघरात कोंडलेली. बाहेर भरती. पाणी घोट्याला, पाणी गुडघ्याला. आता त्यांना सोडवणार कोण? विनोदिनीने फार डोकं खाजवलं नाही. गावचा राखणदार पाठवून दिला.

राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा देवचार. वडाखाली त्याचं ठाणं. खांद्यावर कांबळं, हातात दांडका, पायांत वहाणा. रात्रंदिवस फिरून त्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवस फेडताना त्याला नव्या ठेवतात. त्याला विनोदिनीने उठवला, वहाणा घालायला लावल्या आणि निघाला तो तेरेखोलला, केरीच्या तरीवर होडी धरायला. पोरं डब्यांवर उभी राहून नाचली. तो अंक गावात इतका फिरला की शेवटी त्याची चाळणी झाली.

आणि त्याच आठवड्यात बाबलीच्या डोंगरावरून काजू चोरीला जायला लागले.

बाबलीने तो डोंगर त्या साली लिलावात घेतलेला. तो गिरणीत आला, तो देवापुढे गावचं गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या बाबाजीला पुढे घालूनच.

"विनोदिनीबाय, राखणदार खंय आसा?"

"वडाखाला. आनी खंय?"

"फटी मारू नाका! केरीच्या तरीर आसा तो. तुवेंच बरयलां. तो थंय होडयेची वाट पळयत उबो आनी हांगा माझ्यो काजी कोण तरी पोत्यांनी व्हरता. राखणदार आसा म्हूण हांवें कुंपूण सुद्दां घालूंक ना!"

"अरे बाबलीभाव, ती काणी. कागदावयली."

बाबाजीने काठी आपटली. "कागदार आयलें म्हणजे जालें. घटकराज्य सुद्दां आदीं कागदारच येतलें मगो? आयतारा गाऱ्हाणें घालतलों. त्या आदीं त्याका परत हाड."

"हाडलो जाल्यार भुरगीं बुडतलीं थंय!"

"मागीर तांकां पोंवपाक शिकय!"

बुडणाऱ्यांना पोहायला शिकव म्हणे, हे ऐकून डब्यांवरच्या पोरांनी जो कालवा केला, त्यात गिरण हरली. विनोदिनीची मुलगी गौरवी पुढे आली. "आई, आनंदी मेली जाल्यार हांव जेवचें ना." दुसरी पोरं म्हणाली, दळण तुयेला नेऊ.

कोपऱ्यात ज्वारीचा डबा घेऊन धोंडिबा उभा होता. बेळगावकडचा, सगुणच्याच कारखान्यातला. तो म्हणाला, "बाई, आमच्या गावाकडं म्हसोबा हाय, रिकामाच बसल्याला. चार दिस उसना आणू काय? फकस्त माझं पीठ तेवढं भरून द्या. येताना डबा गच्च, जाताना ढिला, ह्ये कसं हुतंय?"

"वाऱ्यार उडता, धोंडिबादादा."

"वारं तर पिपात हाय न्हवं?"

सगळी गिरण हसली. विनोदिनीही हसली, पण पिठाखाली लाल झाली.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. राखणदार आणला तर पोरं बुडतात, न आणला तर बाबली. बरं, तळघरातलं पाणी काही थांबायला तयार नव्हतं, कमरेला आलं होतं. येईल तो त्या मुलांचं विचारी, "वाचतात ना गो भुरगीं?" बायका विचारत, कंडक्टर विचारी, पाववाला पदेर सायकलवरून न उतरता विचारी.

एकच माणूस वेगळं विचारायला आला. गोकुळदास. नारळ पाडायचा, भजनात मृदंग वाजवायचा आणि वडासमोरून जाताना चपला हातात घ्यायचा, इतका भाविक.

"बाय," तो हळूच म्हणाला, "भुरग्यांचें कितेंय जांव. राखणदार केन्ना परततलो?"

"कित्याक रे?"

"ना, सहज. पुनवे आदीं येवचो ना मगो?"

विनोदिनीने त्याच्या हातांकडे पाहिलं. काजूच्या तेलाने बोटांची सालं निघालेली. आणि गोकुळदासकडे काजूचं एक झाडही नव्हतं. तिला असं हसू फुटलं की ते दडवायला तिने पिठात तोंड घालून शिंक काढली. गावात तिचं लिखाण शब्दाशब्दाने खरं मानणारा वाचक कोण, तर हा! हप्ता बघून चोरी करत होता बिचारा.

"फाल्यां सकाळीं यो," ती म्हणाली. "नवें प्रकरण सांगतां. सगळ्यांक घेवन यो."

दुसऱ्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबली होता, बाबाजी होता, धोंडिबा पाळी चुकवून आलेला. गोकुळदास दाराशी, गव्हाचा डबा पोटाशी धरून. विनोदिनी उठली आणि तिने गिरण बंद केली.

पट्टा थांबला तसे सगळे दचकले. ओरडून न बोलणारी विनोदिनी कुणी पाहिलीच नव्हती.

"पाणी गळ्याला आलं," ती हळू म्हणाली. "आणि वरून काहीतरी सळसळत खाली पडलं. आनंदीने हात लावला तर कांबळं. आत दांडका. माणूस नाही. कारण राखणदार पार्सेतून हललाच नव्हता. केरीच्या तरीवर उभं होतं ते नुसतं त्याचं कांबळं आणि दांडका, तेवढंच त्याने धाडलं होतं. कृष्णनाथाने दांडका उचलला, मारला पिंपावर! एक फुटलं, दुसरं फुटलं, कोंडलेलं वारं असं सुटलं की पाण्याला ढकलत तळघराबाहेर घेऊन गेलं, दारं उडाली, कप्तानाचा टोप रेडीला पडला आणि अर्धी मिशी वेंगुर्ल्याला!"

पोरं किंचाळली. बाबलीसुद्धा किंचाळला, मग खोकल्यासारखं केलं.

"आणि राखणदार?" गौरवीने विचारलं.

"तो इथेच. काजूच्या डोंगरावर, दगडावर बसून. त्याने सगळं पाहिलं. कोण आलं, कुठून आलं, काय नेलं. मोठ्याचं, बारक्याचं, या वर्षीचं, मागच्या वर्षीचं. पण तो अजून कुणाला काही बोललेला नाही. आयतारामेरेन थांबतां म्हणालाय, रविवारच्या गाऱ्हाण्यापर्यंत."

"आयतारामेरेन?" गोकुळदासने डबा आणखी घट्ट धरला.

"आयतारामेरेन."

मग प्रत्येकाला एकदम घरी काम आठवलं.

रविवारी सकाळी गाव वडाखाली जमला, आणि बाबाजीला उभं राहायला जागा मिळेना. काजूची पोती होतीच, वर कोऱ्या करकरीत वहाणा. पण शेजारी कुणाची तरी तांब्याची घागर. सायकलचा पंप. मागल्या चवथीला हरवलेली समई. दोन कोंबड्या, पाय बांधलेल्या, संतापलेल्या. बाबली पोती चाचपत म्हणाला, "माझी दोनच गेल्लीं. हें तिसरें कोणाचें?" आणि मग स्वतःच्या फेणीच्या भाटीतून आणलेलं एक भांडं, जे मुळात शेजाऱ्याचं होतं, त्याने पायाने हळूच ढिगाकडे सरकवलं.

धोंडिबा एका टोकाला वाकला. तिथे पिठाने गच्च भरलेला डबा होता. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं. "तांदूळ हाय, गहू हाय..." तो थांबला. "आणि ह्यात माझं जोंधळं हाय!"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. विनोदिनी वडाच्या पारंब्या पाहत होती. गोष्ट आपणच रचली हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तो डबा तिने पहाटेच आणून ठेवलेला, उगीच जोखीम कशाला?

बाबाजीने हात जोडले, घसा साफ केला. "बा म्हाराजा! तू खंय गेलोच नाशिल्लो. आमीच मेले इल्ले हांगाथंय गेल्ले. जाल्लें गेल्लें पोटांत घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

गोकुळदासचा आवाज त्यात मोठा होता. पण गिरणीवर चढणारा एकच आवाज पार्सेत होता, आणि तो ऐकून बांधलेल्या कोंबड्यासुद्धा सुटून पळाल्या.