शेवटची ओळ

बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी माझी बहीण गेली. मुलगी जगली.

तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी धानाच्या रोवणीत बहीण दोनदा चिखलात बसली. ओठ निळे पडले होते. नागपूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. कागद आणायला मी एकटाच गेलो. घरात इंग्रजी वाचणारा मीच. जन्मापासून हृदयाला छिद्र, त्यामुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला, ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. शेवटची ओळ अशी होती : गर्भधारणा टाळावी, जिवाला धोका आहे.

गावी, एकोडीच्या घरी ओसरीवर बसून मी तो कागद वाचून दाखवला. माय समोर होती. बहीण तांदूळ निवडत होती.

"मास्तर असून असा अडकून अडकून काहून वाचून राहिला रे भाऊ?" ती हसली.

गोळ्या, आराम, जड काम नको, इथपर्यंत मी सांगितलं. शेवटच्या ओळीशी थांबलो. आमच्याकडे भाऊ बहिणीशी असलं बोलत नाही. मला लाज वाटली. नंतर मायच्या कानावर घालू, असं ठरवलं. तेवढ्यात सिहोऱ्याचं स्थळ आलं. पाहुणे चांगले होते. लग्नात मी पंगतीत वाढत होतो.

सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. चार पावलांत दम लागे. माय म्हणायची, "पहिलटकरणीले होतेच." मी तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, "दिवस जाऊ देऊ नका, असं तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं?"

"माह्या भावाले मालूम असन, मॅडम. आमच्या घरी इंग्रजी तोच वाचते."

डॉक्टरबाई मग फक्त माझ्याशीच बोलल्या. आता गर्भ ठेवला तरी धोका, काढला तरी धोका, नागपूरलाच न्या, म्हणाल्या.

बाहेर बाकावर तिने विचारलं, "खरंच त्या कागदात लिहून होतं?"

"होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुह्यासमोर कसं सांगू? लाज वाटली."

ती हसायला लागली आणि हसताहसता धापा टाकू लागली. श्वास परत आल्यावर म्हणाली, "माह्या जिवाची गोष्ट होती अन् लाज तुले वाटली? मले सांगितलं असतं त मी लग्न केलं असतं, लेकरू नसतं होऊ देलं. मी काय लहान होती?"

त्यानंतर तिने हा विषय माझ्याशी काढला नाही. मायलाही सांगितलं नाही. नागपुरात ऑपरेशन करून मुलगी झाली. तीन दिवस सगळं ठीक होतं. सासरच्यांनी वॉर्डात पेढेही वाटले. डॉक्टर मात्र सांगत होते, धोका अजून टळलेला नाही. ते ऐकणारा पुन्हा मी एकटाच होतो.

माय अजून दवाखान्याला शिव्या देते. मी तिला थांबवत नाही. भाची सिहोऱ्याला तिसरीत आहे. मला मामा म्हणते.