उन्हात वाचलेला अर्ज

मेहकरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली दामूजी अर्जनवीस बसत. घरून अर्ज लिहून आणलेल्या माणसाला ते सावलीत येऊ देत नसत. उन्हात उभं राहून मोठ्यानं वाचायला लावत. स्वतः मात्र सावलीत सुपारी कातरत ऐकत. वाचणाऱ्यानं कंटाळून एखादी ओळ गाळली, की म्हणत, "गाळली ना? मंग काट तिले. देवाले नवस बोलताना कोणी प्रस्तावना करते काय?" लोक चिडत, पण पुन्हा त्यांच्याकडेच येत.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आमच्या घरात सही करता येणारा मी पहिलाच. अकोल्याच्या एका वसतिगृहात राहणं-जेवण फुकट होतं. तिथं जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर आईबरोबर लोकांच्या शेतात निंदणाला. म्हणून तीन पानी अर्ज लिहिला होता. पहिलं पान ज्ञानसूर्याच्या किरणांनी उजळलं होतं, दुसऱ्यावर मी अंधारात चाचपडत होतो.

आई सुलतानपूरहून सोबत आली होती. दामूजींनी मला उन्हात उभं केलं, तशी तीही पदर सावरून शेजारी उभी राहिली. त्यांनी तिला सावलीत बोलावलं, तर म्हणाली, "राहू द्या भाऊ, पोरगं वाचून राह्यलं."

पहिलं पान मी झोकात वाचलं. दुसऱ्यावर आईच्या कपाळावरचा घाम दिसला आणि चार ओळी गाळल्या. मग आणखी सहा. तिसरं पान तर जवळजवळ पळतच संपवलं. दामूजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"लय झकास लिहिलं बे. पण तुले पाहिजे काय?"

"वसतिगृहात जागा."

"मंग ते कुठी आहे?"

मी तिन्ही पानं उलटसुलट पाहिली. कुठंच नव्हतं.

दारातला शिपाईसुद्धा हसला. आई हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "मंग आता गेली काय जागा?"

दामूजी वरमले. आम्हां दोघांना त्यांनी सावलीत बसवलं आणि माझ्याकडूनच पाच ओळी लिहून घेतल्या. आधी मागणी, मग गुण, मग वडील नाहीत, आई मजुरीला जाते. ज्ञानसूर्य तेवढा ठेवू का, असं मी विचारलं.

"साहेबाच्या खिडकीतून तो रोजच येते," ते म्हणाले.

जागा मिळाली. महिन्याभरानं मी दामूजींना आभाराचं पत्र लिहिलं, चार पानी. माझ्या जीवननौकेचे ते कर्णधार वगैरे सगळं त्यात होतं. शेवटी थोडी जागा उरली, म्हणून इथं दोन्ही वेळ पोटभर मिळतं, असंही लिहिलं.

उलट टपाली कार्ड आलं. "पत्र पोचलं. बाजाराच्या दिवशी तुझी माय आली होती. तिले शेवटची ओळ वाचून दाखवली. पुन्हा वाचा म्हणे. तीनदा वाचली."