निरोगी माणसाचं वेटोळं

मेंदूविकारांच्या विभागात तिला सगळे गोगलगायबाई म्हणत, आणि चक्क तोंडावर म्हणत. एक कारण असं की ती हात थरथरणाऱ्या रुग्णांची डॉक्टर होती. रुग्णाच्या हातात पेन देऊन कागदावर वेटोळं काढायला लावायची, गोगलगायीच्या शंखासारखं, आणि त्या रेषेवरून आजार ओळखायची. दुसरं कारण तिच्या संशोधनाचा वेग. बाकीचे धडाधड निबंध पाडत. हिचा एक छापून येईपर्यंत विभागातले पडदे बदलले जात.

पण त्यातला एक निबंध असा काही चालला की विचारू नका. देशोदेशीचे संशोधक आपापल्या निबंधांत त्याचा दाखला देऊ लागले. अशा दाखल्यांचा आकडा संगणकावर दिसतो आणि त्यावर बढत्या ठरतात. हिला तो बघायला फुरसत नसे. रोज सकाळी चष्मा पुसून तो बघायचे तिचे बाबा.

त्यांना एवढा पुळका असायला कारण होतं. निबंधातलं पहिलंच चित्र त्यांचं होतं. निरोगी माणसाचा नमुना हवा होता, रुग्णांचे नातेवाईक आपल्यालाही सुई टोचतील या भीतीने पसार झाले, तेव्हा तिने घरातलाच माणूस धरून आणला. बाबांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. माणसाएवढी अक्षरं, शिडीवर उभं राहून, एका दमात. त्यांनी ऐटीत वेटोळं काढलं आणि वर "खाली सही करू का?" म्हणून विचारलं. छापून आलेलं पान त्यांनी चौकटीत बसवून जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. चित्राखाली दोनच शब्द होते: निरोगी व्यक्ती. त्यांच्या धाकट्या भावाला मधुमेह निघाला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "माझं बघ. छापील आहे."

यंदा बढतीच्या समितीपुढे तिला या निबंधावर बोलायचं होतं. सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "सहा वर्षं जुनं चित्र कशाला दाखवतेस? थांब, ताजं काढून देतो."

सुरुवात झोकात झाली. पण बाहेर येता येता फुलायच्या ऐवजी वेटोळं आक्रसत गेलं.

"पेन भिकार आहे," बाबा म्हणाले.

तिने दुसरं पेन दिलं. तेही भिकार निघालं.

वेढे असे आक्रसत जाणं ही कंपवाताची खूण, हे तिला पाठ होतं. तिने भिंतीवरची चौकट उतरवली आणि चित्राला मोजपट्टी लावली. जुन्या चित्रातही शेवटचे वेढे एकमेकांना चिकटत चालले होते. किंचितच, पण होते. रुग्णांची वेटोळी तिने केसाएवढ्या फरकापर्यंत मोजली होती. बाबांचं मोजलंच नव्हतं. घरच्या माणसाला कोण पट्टी लावतं? आणि ज्या शेकडो विद्वानांनी या निबंधाचा दाखला दिला, त्यांतल्या एकानेही चित्राकडे धड बघितलं नव्हतं. न वाचता दाखला देता येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनेही दिले होते.

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. तेव्हाच बघितलं असतं तर बाबांवर कधीच उपचार सुरू झाले असते.

"बाबा, उद्या तुम्हाला तपासायचंय."

"मला? छापील निरोगी माणसाला?"

"ते चुकीचं छापलंय. मी चुकले. आता छापणाऱ्यांना तसं कळवायला हवं."

"राहू दे की तसंच!" बाबा कडाडले. "एवढ्या लोकांनी मान्य केलंय, तुलाच कसली शंका? आणि तुझ्या बढतीचं काय?"

विभागप्रमुखांनीही तेच सुनावलं. "आधी समिती बसू दे, मग छापा दुरुस्ती. तुम्हाला कधीपासून घाई व्हायला लागली?"

तिने मात्र घाई केली. दुरुस्ती त्याच दिवशी धाडली. समितीने कपाळाला आठ्या घातल्या आणि बढती लांबणीवर टाकली.

बाबा तपासणीला आले ते फुरंगटूनच. तिच्या सहकाऱ्याने तपासलं. निदान तेच निघालं. घरी आल्यावर त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. गोळ्या घेत, पण तिची पाठ वळल्यावर. भिंतीवर चौकटीच्या जागी एक खिळा तेवढा राहिला.

मग तिने नवा निबंध लिहायला घेतला: आजार हातात शिरतो तेव्हा सुरुवातीला डॉक्टरांनाही कसा दिसत नाही. त्यात बाबांची दोन्ही वेटोळी शेजारी शेजारी हवी होती. ती संमतीचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"रुग्ण म्हणून सही करावी लागेल, बाबा."

बाबांनी बराच वेळ कागद न्याहाळला. "या खेपेला चित्र मोठं छाप," ते म्हणाले आणि पेन उचललं. पहिलं अक्षर बरं आलं. पुढची बारीक होत होत शेवटाला मुंगीएवढी झाली.

"लहान आली," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी पेनला नावं ठेवली नाहीत. टेबलावरची पट्टी उचलून तिच्या हातात दिली.

"घे," ते म्हणाले, "आता मला मोज."