पुलापलीकडची सुटी

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ओडेट रापोझो हातात विजेरी घेऊन बसच्या मागच्या चाकाशी वाकली होती. टायर, दिवे, संकटकाळचं दार, चाकांच्या खुर्च्या वर घेणारा पाळणा. बस डेपोतून काढण्याआधी तिच्याभोवती फिरून हे सगळं बघावं लागतं. हॅमिल्टनमधला शाळेच्या बसचा प्रत्येक चालक हे एकदा करतो, ओडेट दोनदा करते. डेपोत कामं वाटून देणारा व्हिन्स खिडकीतून रोज म्हणतो, "निघाली बघा रापोझोबाईंची मिरवणूक."

त्या दिवशी तिने एकच फेरी मारली आणि विजेरी खिशात टाकली.

"एकच?" मागून आवाज आला. गेल डन्फी शहर बसमधून उतरून, थर्मास काखेत मारून आली होती. "ताप-बीप आहे का तुला?"

"चढ मुकाट्याने. नंतर सांगते."

"लॉटरी लागलेली दिसतेय."

"तुला लागलीय."

ओडेट चोपन्न वर्षांची, गेल तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. अपंग मुलांच्या बसमध्ये चालकाबरोबर एक मदतनीस असते. ती मुलांना चढवते, पट्टे बांधते, कुणाला उलटी झाली तर पुसते. ओडेटच्या बसमध्ये नऊ वर्षं हे काम गेल करते आहे. तिला गाडी येत नाही, हे अख्ख्या डेपोला माहीत आहे. चालक कमी पडतात म्हणून व्हिन्स दर महिन्याला तिला परवाना काढायला सांगतो आणि ती दर महिन्याला म्हणते, "मला डावं-उजवं कळत नाही रे."

दर वसंतात एक शुक्रवार शिक्षकांच्या बैठकांचा असतो. मुलांना सुटी, म्हणून बसलाही सुटी. त्याला शनिवार-रविवार जोडून दोघी नवऱ्यांना घरी ठेवून कुठल्यातरी शहरात जातात. बस स्वस्तात स्वस्त, खोली एक, खाटा दोन. उकडलेली अंडी आणि सँडविच घरून न्यायची, फक्त शेवटच्या संध्याकाळी एखाद्या बऱ्या ठिकाणी बसून जेवायचं. आतापर्यंत ओटावा, माँट्रियाल, किंग्स्टन, क्युबेक झालं होतं आणि ओटावा पुन्हा दोनदा झालं होतं. कुठे जायचं ते गेल ठरवत असे. सरहद्दीवरचा पूल ओलांडून अमेरिकेत जायचं मात्र तिच्या कधी मनात येत नसे.

हॅमिल्टनमध्ये ही गोष्ट जरा विचित्रच होती. इथली माणसं चीज आणायला पूल ओलांडतात, टायर बदलायला ओलांडतात. विमानाने कुठे जायचं असलं की टोरांटोचा विमानतळ सोडून गाडीने पलीकडच्या बफेलोला जातात, कारण तिकडून तिकीट निम्म्यात पडतं. ओडेटने दरवर्षी विषय काढला आणि दरवर्षी गेलकडे कारण तयार होतं. एकदा पासपोर्ट संपला होता, एकदा घोटा मुरगळला होता, एकदा अमेरिकी डॉलर महागला होता. हा कंजूषपणा आहे अशी ओडेटची समजूत होती. ती म्हणायची, "डन्फींचा डॉलर पुलावर चढला की त्याला चक्कर येते."

मंगळवारी संध्याकाळी बफेलो ते शिकागो तिकिटांचा सेल लागला. जाऊन-येऊन भाडं क्युबेकच्या बसपेक्षा कमी होतं. ओडेटने विचारायच्या भानगडीत न पडता दोन तिकिटं काढून टाकली. अमेरिकेतल्या अमेरिकेत उडायचं, त्यामुळे नाव आणि जन्मतारीख एवढंच भरायचं होतं. गेलचा वाढदिवस दरवर्षी बसमध्येच केक कापून होतो, तेव्हा तारीख तोंडपाठ होती. चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर पैसे परत मिळतात असं खाली लिहिलेलं होतं. त्याची गरज पडेल असं तिला वाटलं नाही.

शेवटचं मूल शाळेत सोडून झालं, की दोघी बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकमागच्या मोकळ्या जागेत बस उभी करून कॉफी पितात. तिथे ओडेटने फोन गेलच्या हातात दिला.

गेलने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"शिकागो," ती म्हणाली.

"शिकागो. हॉटेल गावाबाहेर आहे, पण आगगाडी अगदी दारात. प्राणिसंग्रहालय फुकट. तळ्याकाठी मैलोन् मैल चाला, कोणी पैसे मागत नाही."

"तळं आपल्याकडे पण आहे."

"आपल्या तळ्याला पोलादाच्या कारखान्यांचा वास येतो. आणि पासपोर्टचं नाव काढू नकोस. अजून दोन महिने आहेत, अर्ज आणून ठेवलाय मी."

"मला तिकडे जाता येत नाही, ओडेट."

"का? आता काय, गुडघा?"

"येऊ देत नाहीत. मला हाकललंय त्यांनी."

ओडेट हसली. "असं काय केलंस गं? चीज चोरलंस?"

"माणूस मारला," गेल म्हणाली.

ओडेटचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते कसं उतरवायचं हे तिला थोडा वेळ कळेना. कॉफीचा कप गुडघ्यावर कलंडला तरी तिने तो सरळ केला नाही. गेलनेच हात पुढे करून तिच्याकडून कप काढून घेतला आणि खिडकीच्या कडेला ठेवला.

मग गेलने सांगितलं. आवाज रोजचाच होता, पट्टे मोजतानाचा.

"मी वेलंडची. तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या इकडचे बार एकला बंद व्हायचे, बफेलोतले चारपर्यंत चालायचे. मग काय, शनिवारी सगळी पोरं पुलापलीकडे. गाडी बाबांची होती, चालवत मी होते. भरपूर प्यायले होते. तो रस्त्याच्या कडेने चालला होता, रात्रपाळी संपवून. हातात जेवणाचा पत्र्याचा डबा होता. मला आधी डब्याचा आवाज आला. मला वाटलं, मी डब्यालाच धडकले."

गेलने हातातला चष्मा मिटून खिशात टाकला.

"तुरुंगात गेले. सुटले त्या दिवशी दोन अधिकाऱ्यांनी मला पुलावर आणून सोडलं. म्हणाले, परत येऊ नकोस. पुलाच्या या बाजूला बाबा उभे होते. तीच गाडी घेऊन. पुढचा दिवा नवा बसवला होता."

"तीच गाडी?"

"दुसरी घ्यायला पैसे कुठे होते."

ओडेटला आणखी बरंच विचारायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "नाव काय होतं त्याचं?"

"एमिट ट्रास्क. बायको होती. दोन मुली होत्या, शाळेत जाणाऱ्या."

"रसला माहीत आहे?" रस म्हणजे गेलचा नवरा.

"लग्नाआधी सांगितलं होतं. त्यानंतर कोणाला नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं मी म्हणणार नाही. नसतंच सांगितलं. आज तिकीट काढून बसलीस, म्हणून."

रिंकमागे कचऱ्याची गाडी आली, डबे रिकामे करून निघून गेली. ओडेटला नोव्हेंबरमधली एक सकाळ आठवली. हमरस्त्यावर एका पिऊन चालवणाऱ्याने बाप-लेकाला उडवल्याची बातमी रेडिओवर लागली होती. ओडेटने रेडिओ बंद केला होता आणि आरशात बघून म्हणाली होती, "असल्यांना जिवंत कशाला ठेवतात?" मागे गेल एका मुलीचा पट्टा ओढून बघत होती.

"नोव्हेंबरमध्ये," ओडेट आता म्हणाली, "मी बोलले तेव्हा तू 'बरोबर आहे' म्हणालीस."

"बरोबरच होतं."

त्यानंतर दुपारी शाळा सुटेपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ओडेट चालकाच्या जागी समोर बघत बसून राहिली. नऊ वर्षं जिच्याकडे पाठ करून ती निर्धास्त गाडी हाकत होती, तिच्याकडे पाठ करून बसणं त्या दिवशी तिला जड जात होतं. तिला भीती वाटत नव्हती. राग येईल म्हणून ती वाट बघत होती, तोही येत नव्हता.

दुपारी मुलं चढली. इमोजेन नावाची दहा वर्षांची मुलगी चाकांच्या खुर्चीत असते आणि गेलशिवाय कोणालाही पट्ट्याला हात लावू देत नाही. गेल एकदा आजारी होती, तेव्हा बदली बाईच्या मनगटाला इमोजेन चावली होती. गेल पट्टा लावते, तीनदा ओढते आणि मोठ्याने म्हणते, "लागला, ताठ, झाला." प्रत्येक मुलाला, प्रत्येक फेरीला. एवढ्या वर्षांत ओडेटला त्याचा कंटाळा आला होता. मुलं एकदाच ओढलेल्या पट्ट्यानेही घरी पोचतात, असं ती मध्येच चिडवायची. त्या दुपारी तिने आरशात सात वेळा ते बघितलं.

मग ती बार्टन स्ट्रीटवर डावीकडे वळायचं विसरली.

"मिस ओडेट, चुकलीस तू," मागून इमोजेन म्हणाली. "मिस ओडेट कधीच चुकत नाही. मिस गेल, ही चुकली."

"चुकतं माणूस," गेल म्हणाली. "गप बस, पुढून वळेल ती."

हे ऐकून ओडेटने चाक घट्ट धरलं. पुढच्या चौकातून ती वळली.

बस डेपोत लावून, पाण्याचा पाइप मारून ती आत आली, तेव्हा गेल निघून गेली होती. व्हिन्सच्या खिडकीशेजारी उद्याचा फळा असतो: बसचा नंबर, चालक, मदतनीस. ओडेट खिडकीशी गेली. काय सांगायचं, ते तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं. थोडे दिवस दुसरी कोणी दे, एवढंच म्हणायचं, कारण सांगायचं नाही.

व्हिन्सच्या एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात फडकं होतं.

"काय झालंय तुमच्यात?" तो म्हणाला.

"का?"

"आत्ता गेल येऊन गेली. मला दुसऱ्या बसवर टाक म्हणाली, उद्यापासून. म्हटलं, का गं? तर म्हणते, ओडेटला आराम पडेल. कसला आराम? नऊ वर्षांत या बाईने माझ्याकडे काही मागितलं नाही. मी म्हटलं, त्यापेक्षा परवाना काढ, तुला स्वतःचीच बस देतो. हसली पण नाही."

ओडेट फळ्याकडे बघत राहिली. त्यांच्या बसच्या, एकसष्ट नंबरच्या ओळीत डन्फी हे नाव अर्धं पुसलेलं होतं.

"बाया भांडल्या, की माझ्या फळ्याची वाट लागते," व्हिन्स म्हणाला. "बोल लवकर. एकतर तिला चाळीस नंबरच्या बसवर घालतो आणि तिथली पोरगी तुला देतो, नाहीतर आहे तसं ठेवतो. मला पाचला घरी जायचंय."

"चाळीसवरची पोरगी इमोजेनला चालेल?"

"चावेल तिला."

"मग ठेव," ओडेट म्हणाली.

"म्हणजे मिटलं?"

"मिटलं असं मी म्हटलं नाही. नाव नीट लिही. आणि व्हिन्स, तिला परवान्याचं परत विचारू नकोस."

"अगं, गंमत करतो मी."

"नको करूस."

घरी नॉर्बेर्तो, तिचा नवरा, बटाटे आणि केल नावाच्या पालेभाजीचं सूप ढवळत होता. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे आहे.

"खूश झाली का तुझी मैत्रीण?"

"तिला जमत नाही."

"मी म्हटलं नव्हतं? पूल आला, की ती बाई आजारी पडते." तो हसला. "कंजूष."

"कंजूष नाही ती," ओडेट इतकं तुटक म्हणाली, की त्याने चमचा खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. ती वाडगे काढायला वळली.

जेवण्याआधी तिने फोन उघडला. चोवीस तास भरायला अजून तासभर होता. गेलचं तिकीट तिने आधी रद्द केलं. उरलेल्या तिकिटाचं काय करायचं, असं पडद्यावर विचारलं होतं. त्याकडे ती सूप गार होईपर्यंत बघत राहिली. शिकागोत एकटीने काय करायचं, हे तिला सुचेना. तिने तेही रद्द केलं. मग ओटावाच्या बसचं पान उघडलं, त्या शुक्रवारच्या जागा बघितल्या आणि काहीही न काढता फोन पालथा ठेवला.

गुरुवारी एकसष्ट नंबरची बस डेपोतून सहा वाजून पस्तीस मिनिटांनी निघते. पहिला थांबा इमोजेनचा. फळ्यावर चालकाच्या रकान्यात रापोझो आहे आणि मदतनिसाच्या रकान्यात, पुसलेल्या खडूच्या डागावर पुन्हा लिहिलेलं, डन्फी.