बाहेर उभं राहून घेतलेला चहा

मांजलपूरच्या आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा माती तपासायला एक माणूस आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. साठीचा, सडपातळ, नखांत कायमची काळी माती. त्याने अंगणात खड्डा घेतला, चिमूटभर माती पाण्याने मळली आणि दोन बोटांत तिची लांब वळी केली. वळी तुटेचना. त्याचा चेहरा उतरला.

"पाया किती खोल, बेन?"

"तीन फूट. सासऱ्यांनी घातला. रत्नागिरीचं त्यांचं घर तेवढ्याच पायावर उभं आहे."

"दगड तिथे नि इथे, बेऊ जागी एकच, काळा," तो हळू बोलला. "तिकडे धो-धो पाऊस त्यातलं सगळं धुऊन नेतो, लाल जांभा उरतो. तो हलत नाही. इकडे नद्यांनी त्याच दगडाची चिकण माती आणून टाकली. ही पावसात फुगते, उन्हात आकसते. दर वर्षी घर थोडं हलवते."

त्याने तड्यात बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. विंचू दिसावा तसं त्याने ते झटकन बाहेर काढलं.

"घर पडेल का हो?"

"रिपोर्ट येऊ दे, बेन. पछी बोलू."

मी चहा केला, आत पंख्याखाली बसा म्हटलं. मे महिन्याची दुपार होती. तो फाटकाबाहेर गेला आणि भर उन्हात उभ्याउभ्याच चहा प्यायला, भिंतीवरची नजर न हलवता.

रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. मी त्याच संध्याकाळी नातीचा पाळणा अंगणात काढला.